फेट्याखालचं डोकं

आईनं बुलेटची किल्ली ड्युटीच्या पर्समध्ये टाकली, चेन ओढली आणि पर्स काखेत मारून म्हणाली, "हेल्मेट घालणार असशील तर मिळेल. नाहीतर चालत जा मिरवणुकीला. पाय धडधाकट आहेत तुझे."

पाडव्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. मी नऊवारी नेसायची तालीम करून काष्ट्यातच उभी होते आणि आई रात्रपाळीला निघाली होती.

"आई, नऊवारीवर हेल्मेट? मी काय चंद्रावर चाललेय का?"

"चंद्रावर गेलीस तर मुकाट्यानं घालशील ना? मग कराडात घालायला काय होतं?"

आईशी बोलण्यात जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, अपघात विभागात. दारुडे, भांडखोर, पुढाऱ्यांची पोरं, सगळ्यांना तिनं एका आवाजात पलंगावर आडवं केलेलं. मी तर तिच्याच पोटची. पण त्या संध्याकाळी मीही हटणार नव्हते, कारण दुसऱ्या दिवशी मी पुढे असणार होते.

पुढे म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे पाडव्याला नववर्षाची मिरवणूक निघायची. चाळीस मुली आणि बायका, नऊवारी, नथ, काळा गॉगल, डोक्याला भगवा फेटा, आणि सगळ्या दुचाकीवर. सगळ्यांच्या पुढे एक बुलेट आणि तिला बांधलेला ध्वज. त्या बुलेटवर कोण बसणार याची चर्चा गावात महिनाभर आधी सुरू व्हायची. त्या वर्षी माझं नाव निघालं. वृषाली शिंगटे, वय वीस, एसटीच्या वर्कशॉपातल्या मेकॅनिकची पोरगी. बुलेट पप्पांची, जुनी, पण आवाज असा की खिडकीतली भांडी वाजायची. मी चार दिवस नीट जेवले नव्हते, एवढा आनंद झाला होता.

आदल्या वर्षी त्या जागी रेवती पोळ होती. माझ्याच वर्गातली. पाडव्यानंतर ती घरच्या जिन्यावरून पडली, डोक्याला लागलं, आणि मग ती कॉलेजात दिसलीच नाही. मी एकदा मोसंबी घेऊन गेले होते. तिच्या आईनं दारातूनच घेतली. "झोपलीय गं," म्हणाल्या. खरं सांगते, परत येताना मला वाईट वाटत होतं, आणि आता पुढच्या पाडव्याला पुढे कोण, हेही मनात येत होतं. माणसाचं मन असतंच नालायक.

"आई, मिरवणूक चालत्या माणसाच्या वेगानं जाते," मी म्हटलं. "शेजारून ढोलवाले चालत असतात. पडून पडून काय होईल? गुडघा खरचटेल."

आई काहीतरी बोलणार होती. तिचं तोंड उघडलंही होतं. मग ती माठाकडे गेली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "उशीर होतोय मला."

तिनं स्वतःचं हेल्मेट चढवलं, स्कूटीला चावी लावली आणि गेली. गेलं वर्षभर तिला हे खूळ लागलं होतं. भाजी आणायला हेल्मेट, गिरणीत हेल्मेट. मंडईतल्या बायका तिला 'अंतराळातल्या सिस्टर' म्हणायच्या. गावात तेव्हा हेल्मेट घालणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी, त्यातली बहुतेक परगावची. मी तिच्यामागे बसायचंच सोडून दिलं होतं.

पहाटे पाचला पप्पांनी मला हलवून उठवलं आणि हातात दुसरी किल्ली ठेवली.

"आईला सांगू नको मी दिली म्हणून," ते म्हणाले. "तिला कळेलच. पण तू सांगू नको."

कृष्णाबाईच्या घाटावर साडेसहालाच गर्दी झाली होती. समितीचे अध्यक्ष डुबलकाका शिट्टी घेऊन फिरत होते. पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, आवाज लाउडस्पीकरला लाजवेल असा. तालमीत त्यांनी आम्हाला एकच नियम घोटून घेतला होता, तो परत ओरडून सांगितला: "पुढची गाडी जाईल तिकडं जायचं! मधेच कुणी डोकं चालवायचं न्हाई!"

हसनचाचा फेटे बांधत होते. फेटे त्यांचेच, भाड्याचे. मिरवणूक संपली की चाळीसच्या चाळीस परत घ्यायचे, धुऊन, इस्त्री करून पुढच्या लग्नाला. त्यांच्यासमोर स्टुलावर बसलं की दोन मिनिटांत डोक्यावर राजा बसल्यासारखं वाटायचं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी कापडाचं टोक दातात धरलं, एक वेढा दिला आणि थांबले.

"पुढं तू का यंदा?"

"हो चाचा."

"रेवतीच्या जागी."

"हो."

 मग फेटा त्यांनी इतका घट्ट बांधला की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या.

सात वाजता ढोल सुरू झाले आणि मी किक मारली. ते सुख मला अजून शब्दांत सांगता येत नाही. मागे एकोणचाळीस गाड्यांची घरघर, गच्चीगच्चीवर गुढ्या, वरून पडणारी फुलं. माझ्या वर्गातली पोरं कठड्यावर चढून ओरडत होती. ज्या बायका आईला 'पोरीला फार मोकळं सोडलंय' म्हणायच्या, त्याच हात जोडून उभ्या होत्या, ध्वजाला का होईना. मला वाटलं, मिरवणूक जिथं संपते तो दत्त चौक येऊच नये.

चावडी चौकात आई आली.

डाव्या बोळातून तिची स्कूटी बाहेर पडली आणि सरळ माझ्या शेजारी येऊन चालू लागली. पांढरा गणवेश, रात्रभर जागून चुरगळलेला. डोक्यावर हेल्मेट. आणि भाजीची पिशवी अडकवावी तसं दुसरं हेल्मेट डाव्या कोपरात अडकवलेलं. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. समोर बघत, ढोलाच्या तालावर, वीतभर अंतर ठेवून ती माझ्याबरोबर चालवत राहिली.

"आई, जा इथून," मी दातओठ खात म्हटलं.

"रस्ता सरकारचा आहे."

"सगळे बघतायत!"

"बघू देत."

आणि सगळे बघतच होते. कठड्यावरची पोरं खिदळायला लागली. "ओ सिस्टर, दवाखाना तिकडं राहिला!" कुणीतरी ओरडलं. "इंजेक्शन द्यायला आल्यात वाटतं!" दुसरा म्हणाला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. एवढ्या मोठ्या दिवसाची माझ्या सख्ख्या आईनं माती केली होती.

डुबलकाका शिट्टी वाजवत धावत आले आणि सगळा ताफा थांबला.

"सिस्टर, काय चाललंय हे? फोटोवाले आलेत पुण्याहून. बाजूला घ्या गाडी."

"घेते," आई म्हणाली. "हिनं हे डोक्यावर चढवलं की लगेच घेते."

"पाडव्याला हेल्मेट? शोभायात्रा हाय ही. फेटा ही आपली शान हाय."

"असू दे की शान. शिर सलामत तो पगडी पचास. ही म्हण काय मी तयार केली का?"

काही बायका हसल्या. डुबलकाकांचा चेहरा लाल झाला. "नऊ वर्षं मिरवणूक काढतोय मी," ते गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले. "नऊ वर्षांत एक तरी पोरगी पडली का? सांगा. एक नाव सांगा!"

मी आईकडे पाहिलं. आता ती काय ठेवून देते याची मी वाट बघत होते. लाज वाटत होती, तरी वाट बघत होते. आणि आई गप्प बसली. ती डुबलकाकांच्या डोळ्यांत बघत राहिली.

"न्हाई ना नाव? मग?" डुबलकाकांना जोर चढला. "पट्ट्या बांधणाऱ्या बाईनं आम्हाला संस्कृती शिकवायची वेळ आली का?" असं म्हणून त्यांनी स्कूटीचं हॅंडल धरलं आणि आईसकट गाडी बाजूला ढकलली. आईचा एक पाय घसरला. तिनं तो टेकवला आणि सावरली.

मी बुलेट स्टॅंडला लावली आणि उतरले.

"काका, हात काढा."

"तू गाडीवर बस."

"आधी हात काढा."

त्यांनी काढला. माझा आवाज आईसारखा निघाला होता, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं.

"आई, बोल ना," मी म्हटलं. "तू गप्प का आहेस? कोण पडलं?"

"मला विचारू नकोस वृषाली. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

 तेवढ्यात मागून हसनचाचा पुढे आले. फेटा सुटला तर टाचायला ते पिनांची डबी घेऊन मिरवणुकीबरोबर चालायचे.

"मी न्हाई दिला शब्द कुणाला," ते म्हणाले. "मला कुणी मागितलाच न्हाई. फेटेवाल्याला कोण विचारतंय?"

"चाचा, तुमचं काय मधेच?" डुबलकाका म्हणाले.

"बोलू द्या की. वरीस झालं, गिळून बसलोय." चाचांनी माझ्याकडे पाहिलं, बाकी कुणाकडेच नाही. "मागल्या पाडव्याला चाळीस फेटे दिले, चाळीस परत आले. त्यातला एक धुऊन आला बेटा. वला. माझं कापड आजवर कुणी धुऊन दिल्यालं न्हाई. म्हणाले, कुंकू सांडलं. चाळीस वर्षं झाली कापड धुतोय. कुंकू कसं जातं आणि रगत कसं जातं, मला कळतं."

"कुणाचा होता?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

"पुढच्या पोरीचा. टोकाला मी चांदणीची पिन लावली होती, ती तशीच होती."

जिना नव्हताच. मिरवणूक संपल्यावर गाड्या पांगताना, पोळांच्या बोळाच्या वळणावर रेवतीची बुलेट बंद पडली होती. चालती नव्हे, उभी. नऊवारीचा काष्टा फूटरेस्टमध्ये अडकला, पाय टेकता आला नाही, आणि गाडीबरोबर ती आडवी झाली. डोकं गटाराच्या कडेवर. हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पोलिसांची परवानगी पुढच्या वर्षी मिळणार नाही म्हणून डुबलकाकांनी जिना सांगितला. पोरीच्या लग्नाचं अवघड होईल म्हणून बापानं मान हलवली. सांगणाऱ्यांनी जिना सांगितला आणि लिहिणाऱ्यानं केसपेपरवर जिना लिहिला. त्या दिवशी ड्युटीवर आई होती. रेवतीच्या आईनं तिचे पाय धरले, आणि आईनं शब्द दिला. वर्षभर ती तो पाळत होती. तेवढं एक हेल्मेट सोडून तिच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं.

मी फेट्याचं टोक शोधलं आणि ओढलं. नऊ मीटर कापड. चावडी चौकात, सगळ्यांदेखत, मी वेढ्यामागून वेढा सोडत गेले. चाचा सवयीनं ते आपल्या हातावर गुंडाळत होते. मग मी आईपुढे हात केला. तिनं कोपरातलं हेल्मेट काढून दिलं. हेल्मेटवर त्या क्षणी माझा फार विश्वास बसला होता असं नाही. डुबलकाकांवरचा उडाला होता.

"असलं घालून पुढं जाता येणार न्हाई," डुबलकाका म्हणाले. "ध्वज दुसऱ्या गाडीला द्या रे."

"ध्वज माझ्या गाडीला बांधलाय," मी म्हटलं. "सोडवायला या."

कुणी आलं नाही. मी किक मारली. ढोलवाले आपल्या नादात सरळ दत्त चौकाकडे निघाले होते. मी बुलेट उजवीकडे सोमवार पेठेत घातली. मागून डुबलकाकांची शिट्टी कानठळ्या बसवत होती, आणि तिच्यापेक्षाही मोठा आवाज येत होता तो मागच्या सगळ्या गाड्यांचा. पुढची गाडी जाईल तिकडे जायचं, डोकं चालवायचं नाही. त्यांनीच घोटून घेतलं होतं.

आई मला बोळाच्या तोंडाशी गाठून म्हणाली, "वळव गाडी. मुकाट्यानं वळव. मी त्या माउलीला शब्द दिलाय."

"तू दिलायस. मी नाही."

"वृषाली, थोबाडीत देईन."

"दे. पण नंतर."

पोळांच्या घरासमोर मी गाडी थांबवली. बोळात चाळीस गाड्या कोंबल्या गेल्या, मागच्यांना पुढे काय चाललंय कळेना. आवाजानं वरच्या गॅलरीचं दार उघडलं आणि रेवती बाहेर आली. केस बारीक कापलेले. घरातला गाऊन. तिच्यामागून तिची आई धावत आली आणि तिचा दंड धरून आत ओढायला लागली.

मी हेल्मेटची काच वर केली. रेवती माझ्याकडे बघत राहिली, अनोळखी पाहुण्याकडे बघावं तशी. तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो.

"कोण गं तू?"

"वृषाली."

"वृषाली," ती म्हणाली. पाठ केल्यासारखं परत एकदा म्हणाली, "वृषाली. आज काय आहे?"

"पाडवा."

"मग फेटा कुठंय तुझा?"

बोळातल्या गाड्या एकेक करून बंद होत गेल्या होत्या. डुबलकाका गर्दीतून वाट काढत पोचले होते, घामाघूम. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"मागच्या पाडव्याला तू पुढे होतीस, रेवती. बुलेटवर. तू गाडीवरून पडलीस. जिन्यावरून नाही पडलीस."

"सिस्टर!" रेवतीची आई वरून किंचाळली. "तुम्ही सांगितलंत? पाय धरले होते मी तुमचे!"

"नाही वहिनी," आई म्हणाली.  

रेवती मात्र शांत होती. "मला माहितीये की," ती म्हणाली. "गाडी बंद पडली होती. काष्टा अडकला. मला ते सगळं आठवतं. नावं आठवत नाहीत, पण ते आठवतं." ती स्वतःच्या आईकडे वळली. "घरात सगळे जिना म्हणतात ना, म्हणून मी पण जिना म्हणते."

तिच्या आईचा हात सुटला. डुबलकाका उपरण्यानं मान पुसत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे कुणीतरी पोरगी हुंदके द्यायला लागली. मला रडू आलं नाही. मला राग आला होता, डुबलकाकांचा, तिच्या बापाचा, आईच्या त्या शब्दाचा, आणि मोसंबी देऊन परत येताना स्वतःच्या जागेचा विचार करणाऱ्या माझा.

"मी पुढे होते ना?" रेवतीनं विचारलं.

"होय. तूच होतीस."

"मग मी येणार."

"न्हाई!" तिची आई म्हणाली. "वेडी झालीस का? सिस्टर, सांगा तिला."

"मी येणार," रेवती म्हणाली, आणि कठडा धरून, एकेक पायरी मोजत खाली आली. तिला कुणी अडवलं नाही. अडवायला निघालेल्या तिच्या बापाला हसनचाचांनी नुसता हात आडवा केला.

ती माझ्यामागे बसायला लागली तेव्हा आई म्हणाली, "थांब."

मला वाटलं, आता आई नको म्हणणार, आणि तिचं ऐकावं लागणार. आईनं स्वतःचं हेल्मेट काढलं. रात्रभराचा अंबाडा सुटून मानेवर आला. तिनं ते हेल्मेट रेवतीच्या डोक्यावर हलकेच बसवलं, जिथे केस अजून नीट उगवले नव्हते तिथून बोट फिरवलं, हनुवटीखाली पट्टा ओढला आणि फार आवळला नाही ना ते दोन बोटं घालून पाहिलं.

"चक्कर आली तर लगेच सांगायचं," ती म्हणाली. "मी शेजारी आहे." मग वर बघून म्हणाली, "वहिनी, तुम्ही पण चला."

आईनं स्कूटी तिथंच सोडली. रेवतीनं मागून मला कमरेला धरलं. आम्ही मुंगीच्या पावलानं बोळातून बाहेर पडलो आणि दत्त चौकाकडे वळलो. मागे एकोणचाळीस फेटे होते, पुढे दोन हेल्मेटं होती, आणि रेवतीच्या पाठीवर हात ठेवून, आमच्या चाकाबरोबर पाऊल टाकत, त्या सगळ्या मिरवणुकीत उघड्या डोक्यानं आई चालत होती.